ऊसपट्ट्यात मूल हरवतं तेव्हा: शोधाला निघणाऱ्यांसाठी

आमचं गाव घोड नदीच्या पट्ट्यातलं. दिवाळी झाली की कारखान्यांचं गाळप सुरू होतं, बीड-पाथर्डीकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात आणि गावाबाहेरच्या माळावर कोप्यांची, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांची, वस्ती उभी राहते. अशाच एका हंगामात टोळीतलं चार वर्षांचं पोरगं हरवलं. पोर दिसत नाही हे सकाळी अकराला लक्षात आलं, सापडलं रात्री साडेआठला. मधल्या वेळात दीडशेच्या वर माणूस रानात होता. आणि पोरगं निघालं कुठे, तर कोपीपासून हाकेच्या अंतरावरच्या उसात. त्या उसाबद्दल दुपारीच दोन गटांनी येऊन सांगितलं होतं, "तिकडचं झालं."

त्या "झालं"चा उलगडा मागाहून झाला. पहिला गट बांधावरून हाका मारत गेला होता. दुसऱ्या गटाला वाटेत पहिला गट भेटला आणि त्यांनी त्याला विचारून घेतलं. उसात पाऊल कुणीच टाकलं नव्हतं.

त्यानंतरच्या तीन शोधांमध्ये मी वही घेऊन बसलोय. माणसं कधी कमी पडली नाहीत. मूल हरवलं म्हटल्यावर भांडलेले भाऊसुद्धा एका गाडीवर बसून येतात. कमी पडते ती रीत. खालचं सगळं उसाच्या मुलखाचा विचार करून लिहिलंय, पण वाडी असो की तालुक्याचं गाव, फार काही बदलत नाही.

आधी फोन, मग चपला

पहिला फोन ११२ला. गावच्या पोलीस पाटलाला लगोलग कळवायचं. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालते, फोन फुकट लागतो. तिथेही नोंद द्यायची. गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू असेल तर एका कॉलवर सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप जातो. नसेल तर देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा आहेच. भोंग्यावरून मुलाचं वय, कपडे आणि कुठे जमायचं एवढंच सांगावं. "कुणीतरी पळवून नेलं" हे शब्द भोंग्यावर येता कामा नयेत. का, ते पुढे सांगतो.

"चोवीस तास वाट बघा, मग तक्रार घेऊ" असा कुठलाही नियम नाही. आमच्या त्या पोराच्या बापाला एका ठाण्यात "संध्याकाळपर्यंत बघा, येईल खेळून" असं ऐकवून परत पाठवलं होतं. तो बिचारा परतला, कारण परगावचा माणूस ठाण्यात आवाज कसा चढवणार? तुम्ही स्वयंसेवक म्हणून जाताय ना, तर पहिलं काम हेच: आईबापाबरोबर ठाण्यात गावातलं एक जाणतं माणूस पाठवा. सर्वोच्च न्यायालयानं १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेत स्पष्ट सांगितलंय की अठरा वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि उलट काही सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून तपास करायचा. आता ती नोंद भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली होते. हद्द आमची नाही, हेही कारण चालत नाही. कुठल्याही ठाण्याला शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून पुढे पाठवता येतो. नोंदीची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्या. टोळीतली माणसं हंगाम संपला की जिल्हा ओलांडून जातात. उद्या काही वाईट निघालं तर हातात कागद असलेला बरा.

घर पुन्हा एकदा

आईनं घर बघितलेलं असतं. तरी बाहेरच्या दोन माणसांनी ते परत बघायचं. आईनं बघितलेलं असतं ते रडत, हाका मारत, जिथे पोर नेहमी लपतं तिथे. अनोळखी नजर जिथे पोर मावेल तिथे जाते.

दिवाण उघडा. गोधड्यांचा ढीग नुसता वरून चाचपू नका, खाली उतरवा. धान्याची कोठी, लोखंडी पेटी, कपाट, बंद पडलेला फ्रिज, जिन्याखालची अडगळ, कडब्याच्या गंजीच्या मागची पोकळी, गव्हाण, गच्चीवरची टाकी, उभ्या गाड्या, ट्रॅक्टरची ट्रॉली आणि तिच्यावरची ताडपत्री. बंद गाडी उन्हात असेल तर तिथे आधी पळा. आतली उष्णता मुलाला फार वेळ देत नाही. कोपी असेल तर एका नजरेत दिसते असं वाटतं, पण वाढ्याच्या (उसाच्या शेंड्यांच्या) पेंढ्या, बैलगाडीखालची सावली आणि शेजारच्या कोप्याही बघाव्या लागतात.

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला आपण हरवलोय हेच कळत नाही. ते कुठेतरी शिरतं आणि झोपी जातं. अशा झोपेत भोंगासुद्धा ऐकू येत नाही. म्हणून या वयाचं मूल हाकांनी शोधायचं नसतं. प्रत्येक जागा हातानं उघडून बघायची.

घर बघून झालं की एक माणूस तिथेच बसवायचा, तो शेवटपर्यंत तिथेच. पोर आपल्या पायांनी घरी येतं आणि घराला कुलूप असतं, असं होऊ द्यायचं नाही.

त्याच वेळी पाणी

घर चालू असतानाच दुसरे चार जण पाण्याकडे पाठवा. पाण्यात मिनिटं मोजली जातात, उसात तास. विहीर, शेततळं, हौद, पाट, चारी, शोषखड्डा, झाकण तुटलेली शौचालयाची टाकी, वीटभट्टीचा खड्डा.

यात शेततळं सगळ्यांत फसवं. प्लॅस्टिकचं अस्तर ओलं झालं की घसरगुंडी होते. आत गेलेल्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही, तिथे पोराची काय कथा. काठावर चप्पल आहे का, अस्तरावरच्या धुळीत घसरल्याचा पट्टा आहे का, तारेचं कुंपण कुठे वाकलंय का, ते बघा. उडी मारू नका. दोर लावून, टायर किंवा रिकामा कॅन टाकून, वर धरायला तीन माणसं ठेवूनच आत उतरायचं. जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत तर तेही नाही. तळाशी हवा कोंडलेली असते. वाचवायला उतरलेला पहिला माणूस गुदमरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि मग एका घराच्या जागी तीन घरांत रडारड होते. अग्निशमन दलाला बोलवा.

उघडी बोअरवेल दिसली आणि शंका आली तर भोवतीची माणसं आणि गाड्या लगेच मागे घ्या, कारण काठची माती आत ढासळते. दोरी, हुक, काठी काहीही आत सोडायचं नाही. ११२ला "बोअरवेल" हा शब्द स्पष्ट सांगा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. त्यांना बोलावणं प्रशासनाचं काम, लवकर कळवणं आपलं.

पाट वाहता असेल तर पोलिसांमार्फत पाटबंधारेवाल्यांना सांगून आवर्तन, म्हणजे पाटाला सोडलेलं पाणी, कमी करून घ्यावं लागतं. हे काम गावकऱ्याच्या फोनवर होत नाही, ठाण्याच्या फोनवर होतं.

मूल स्वमग्न असेल, म्हणजे ऑटिझम असेल, तर पाण्याची यादी दुप्पट काळजीनं फिरा. अशा बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते आणि हाक मारली तरी ती ओ देत नाहीत.

कुणाला विचारलं नाही?

त्या पोराला नऊ वर्षांची बहीण होती. आईबाप पहाटे चारला फडावर जायचे, भाऊ तिच्या गळ्यात. तो हरवल्यावर तिला आधी आईनं मारलं, मग मुकादमानं झापलं, मग गावातल्या चार बायांनी "लक्ष कुठं होतं गं तुझं?" म्हणून फैलावर घेतलं. ती कोपीच्या मागे जाऊन बसली. दिवसभर दीडशे माणसांपैकी एकालाही तिला साधा प्रश्न विचारायचं सुचलं नाही. संध्याकाळी सातला अंगणवाडीच्या ताई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या, बिस्किटाचा पुडा फोडला, एक स्वतः खाल्लं आणि म्हणाल्या, "तो काय करत होता गं, तू भांडी घासत होतीस तेव्हा?" पोरगी म्हणाली, "वासरामागं गेला."

वासरू दुपारीच परत आलं होतं. कुठून आलं ते पाणी भरणाऱ्या एका म्हाताऱ्यानं पाहिलं होतं. दीड तासात पोरगं हातात.

तेव्हा मुलांना विचारा, आणि आधी विचारा. एकाच बाईनं किंवा मास्तरांनी, बसून, रागावल्याशिवाय. "तो रस्त्याकडं गेला का?" असं विचारलं तर मूल "हो" म्हणून मोकळं होतं; "मग काय झालं?" एवढंच विचारायचं. मुलांनंतर म्हातारी माणसं, गुराखी, दूधवाला, पाणी सोडणारा, टपरीवाला. ही माणसं एका जागी बसून जगाकडे बघत असतात.

घरच्यांकडून एकदाच, एकाच माणसानं, लिहून घ्यायचं. शेवटचं कुणी, कुठे, किती वाजता पाहिलं. "मघाशी" नको, "पाण्याचा टँकर आला तेव्हा" असलं काहीतरी, ज्याची वेळ काढता येते. अंगावर काय, पायात काय. औषध, फिट, दमा काही आहे का. कशाला घाबरतं. कशाच्या मागे धावतं: ट्रॅक्टर, कुत्रं, माकड, बँड. आणि घरातलं नाव. आम्ही दिवसभर आधार कार्डावरचं नाव पुकारत होतो. त्या पोरानं ते नाव शाळेतसुद्धा ऐकलेलं नव्हतं, कारण तो शाळेतच गेलेला नव्हता. घरी सगळे त्याला दाद्या म्हणत.

मूल तेरा-चौदाच्या वरचं असेल, त्यातून मुलगी असेल, तर गावाची जीभ सैल सुटते. "गेली असेल कुणाबरोबर." हे वाक्य शोध थांबवतं. कुणाबरोबर गेली असली तरी ती अल्पवयीन आहे, कायद्यानं गुन्हा तसाच नोंदवायचा आणि शोध तसाच करायचा. मैत्रिणींना विचारणं, फोन तपासणं पोलिसांवर सोडा. गावानं ते सुरू केलं की मैत्रिणी गप्प होतात.

वही

दोनशे पानी वही, बॉलपेन आणि ते घेऊन एका जागी बसणारा माणूस. हा माणूस शोधाला जात नाही. त्याला फार चुकल्यासारखं होतं, सगळे पळतायत आणि आपण पारावर बसलोय. तरी उठायचं नाही.

पहिल्या पानावर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, मोबाइल नंबर, आल्याची वेळ. पोलिसांना ही यादी लागते. एक कटू कारणही आहे: मुलाचं वाईट केलेला माणूस कधीकधी शोधणाऱ्यांच्या गर्दीतच असतो. नाव लिहिताना कुणी कुरकुर केली तर "सगळ्यांचंच लिहितोय" म्हणायचं आणि लिहायचं.

दुसऱ्या पानावर नकाशा. तलाठ्याकडचा गावनकाशा मिळाला तर उत्तम, नाहीतर मोबाइलवरचा उपग्रहाचा फोटो बघून हातानं काढलेला चालतो. गट नंबर घाला. गट नंबर सगळ्यांना पाठ नसतात, म्हणून शेजारी "आंब्याचं रान", "थोरली पट्टी" असं बोलीतलं नावही लिहा.

पुढच्या प्रत्येक पानावर पाच रकाने: कुठे, कोण, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, आणि कसं पाहिलं. खरा जीव या शेवटच्या रकान्यात. "झालं" हा शब्द लिहायचा नाही. लिहायचं ते असं: "बांधावरून हाका", "कडेकडेनं दोन सऱ्या आत", "सरीसरीतून पूर्ण", "पश्चिमेचा कोपरा राहिला, अंधार पडला". गट परत आला की त्याला चहा द्यायच्या आधी हे विचारून घ्या. माणसं खोटं बोलत नाहीत, पण दमलेली असतात आणि मनातल्या मनात रान पूर्ण करून टाकतात. "तुम्ही स्वतः आत होता का? शेवटच्या सरीत कोण होतं?" असे दोन प्रश्न विचारले की अर्ध्या "पूर्ण"चं "अर्धवट" होतं. कुणाला राग येतो. येऊ द्या.

दर दोन तासांनी वही मागे चाळायची. मूल एका जागी बसत नाही, म्हणून दुपारी पाहिलेली जागा संध्याकाळी पुन्हा पाहावी लागते, विशेषतः घराच्या जवळची. आणि देवऋषी. कुणीतरी फोन करून येतं, "भगतानं पूर्व सांगितलीय," आणि पन्नास माणसं पूर्वेला सुटतात. मी भांडत नाही. वहीत लिहितो, "पूर्व, दोन माणसं", आणि दोनच पाठवतो.

उसात शिरताना

उसात शिरायच्या आधी त्या पट्ट्यातलं सगळं यंत्र थांबवायचं. हार्वेस्टर, ट्रॅक्टर, मोटारी. सगळ्यांत पहिलं: जाळून तोड करायला कुठे ऊस पेटवणार आहेत का, ते विचारून तो थांबवणं. शेजारच्या गावातही फोन लावा. यात कुणी नुकसानीचा हिशेब करायला लागला तर सरपंचांना मध्ये घ्या, पण पेटवू देऊ नका.

कुत्र्याचं पथक येणार असेल तर मुलाच्या शेवटच्या जागेत गर्दी करू नका, आणि न धुतलेला सदरा घरच्यांच्या हातानं नव्हे, स्वच्छ पिशवी उलटी करून उचला आणि बाजूला ठेवा.

अंगात पूर्ण बाह्या हव्यात; उसाचं पान ब्लेडसारखं कापतं. डोळ्यावर साधा चष्मा असला तरी पुरे. पायात गमबूट किंवा निदान बूट, कारण पाचटाखाली नाग, घोणस असतात. मोटारीच्या पेटीला, लोंबत्या वायरीला हात नाही. रानडुकरांसाठी कुणी तारेत करंट सोडला असेल तर तो आधी बंद करून घ्या. बेकायदा असल्यामुळे मालक कबूल होत नाही. गर्दीत नको, बाजूला घेऊन विचारा.

मग रीत. उसाची लागणच तुम्हाला रांगा आखून देते, त्याचा उपयोग करा. एका माणसाला एक सरी. सगळ्यांनी बांधावर एका ओळीत उभं राहायचं, खूण झाली की एकदम आत. शेजारच्याच्या पुढे जायचं नाही, मागेही राहायचं नाही. ऊस दाट असेल तर माणूस दिसत नाही, म्हणून आळीपाळीनं क्रमांक पुकारत जायचं. नजर डोक्याच्या उंचीवर ठेवली तर नुसती पानं दिसतात. दर पाचसहा पावलांवर खाली बसा आणि सरीच्या तळातून लांबवर बघा. मूल जमिनीलगत असतं, आणि तिथे पानं विरळ असतात. पलीकडे निघालात की शेवटच्या माणसानं त्याच्या सरीच्या तोंडाला कापडाची चिंधी बांधायची किंवा चुना टाकायचा, पुढची ओळ तिथून सुरू.

लोळलेला ऊस ही वेगळी डोकेदुखी. सरी मोडलेली, खाली बोगदे झालेले. मोठ्याला शिरता येत नाही, पोर सहज शिरतं. तिथे घाई करू नका. टोळीतल्या माणसांना पुढे घाला, त्यांना लोळलेल्या उसात कसं हलायचं ते हातापायांना माहीत असतं. गावकरी टोळीवाल्यांना शोधात मागे ठेवतात, हे मी दोनदा पाहिलं. तिथे त्यांच्याइतका उसातला जाणकार दुसरा नसतो.

भिजवलेल्या रानात पावलं उमटतात. पाऊल दिसलं तर त्याच्या शेजारी काडी रोवा, फोटो घ्या, शेजारी आगपेटी ठेवून म्हणजे माप कळेल, आणि त्यावरून चालू नका.

ड्रोन आला तर आनंद आहे, पण उंच उसाच्या छपराखाली तो फारसं पाहू शकत नाही. मोकळं रान, नदीचा काठ, खडकाळ माळ यासाठी वापरा, आणि ड्रोननं पाहिलेल्या उसापुढे वहीत "वरून" असंच लिहा.

हाक आणि शांतता

चार ते दहा वर्षांचं मूल बऱ्याचदा हाक ऐकतं आणि ओ देत नाही. एक तर मार बसेल म्हणून, दुसरं म्हणजे अनोळखी माणूस ओरडत येतोय म्हणून. रात्री बॅटऱ्यांचे झोत, दहा पुरुषांचे आवाज, कुत्री. मोठा माणूससुद्धा दडी मारेल.

म्हणून हाक ओळखीच्या आवाजाची. आईचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून प्रत्येक गटाला द्या. रडता आवाज नको, रोजच्यासारखा, जेवायला बोलावतो तसा. मुलाच्या घरची बोली वेगळी असेल, बंजारा, अहिराणी, कोकणी, हिंदी, तर हाकही त्याच बोलीत. दर दहा मिनिटांनी सगळ्यांनी थांबायचं. शिट्टी झाली की दोन मिनिटं पाय, तोंड, मोबाइल, सगळं बंद. ती दोन मिनिटं फार लांब वाटतात आणि कुणीतरी हमखास खोकतं. तरी दर वेळी थांबायचं. दाद्याला शेवटी त्याच्या चुलतीनं शोधलं. बॅटरी बंद करून ती उसाच्या तोंडाशी खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "दाद्या, भाकर खायाची का?" पलीकडून हुंदका आला. पोरगं सरीत उकिडवं बसलेलं, एक चप्पल पायात, एक हातात.

अंधार पडल्यावर

आमच्या पट्ट्यात उसात बिबट्या असतो, ही बातमी नाही. संध्याकाळनंतर उसात पाचांपेक्षा कमी माणसं शिरत नाहीत, कुणी एकटं लघवीलाही बाजूला जात नाही, खाली बसून कोणी राहत नाही. वरची चुलती बसली तेव्हा तिच्यामागे आठ माणसं बॅटरी आणि काठी घेऊन उभी होती. वन विभागाला १९२६ वर कळवून वनरक्षक बरोबर घ्यावा. बिबट्या दिसला तर त्याच्यामागे पळत जायचं नाही, त्याला वाट मोकळी ठेवायची. दारू प्यायलेल्याला घरी पाठवा. तो मदतीला येतो आणि त्याला शोधायला चार माणसं लागतात. अठरा वर्षांखालच्यांना रात्री रानात नेऊ नका.

फाटा, स्टँड, कॅमेरे

रानाकडे सगळे पळतात आणि रस्ता ओस पडतो. पहिल्या अर्ध्या तासातच गावाच्या प्रत्येक फाट्यावर, एसटी स्टँडवर, पेट्रोल पंपावर दोन-दोन माणसं बसवा. गाड्या अडवायच्या नाहीत, तो अधिकार नाही. फोटो दाखवायचा आणि नंबर लिहून घ्यायचे. जवळ रेल्वे स्टेशन असेल तर १३९वर आणि स्टेशनवरच्या रेल्वे सुरक्षा दलाला कळवा.

दुकानदारांच्या कॅमेऱ्याचं चित्रण डीव्हीआरवर, म्हणजे ते साठवणाऱ्या डब्यावर, काही दिवसांनी पुसून नवं चढतं. त्यांना आजच जपून ठेवायला सांगा. आणि त्याचं घड्याळ तपासा: तुमच्या मोबाइलवर चार वीस आणि डीव्हीआरवर तीन पन्नास, असं असतंच. हा फरक लिहून ठेवला नाही तर पुढचे सगळे हिशेब अर्ध्या तासानं चुकतात.

मोबाइलवरचा मजकूर आणि अफवा

फोटो अलीकडचा, चेहरा स्पष्ट, फिल्टर नसलेला. मजकुरात तारीख आणि वेळ हवीच, नाहीतर मूल सापडून वर्ष झालं तरी तो फिरत राहतो. नाव, वय, उंची अंदाजे, कपडे, शेवटचं ठिकाण, ठाण्याचं नाव आणि ११२. आईबापाचा नंबर टाकू नका. तो टाकला की रात्रभर खंडणीचे, थट्टेचे आणि "आमच्या बाबांना दाखवा"वाले फोन येतात, आणि खरा फोन लागत नाही.

आणि आता ते "पळवून नेलं." १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशा व्हॉट्सॲपवरच्या अफवा आधीपासून फिरत होत्या. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. पळवलेलं मूल कुठेच नव्हतं. १६ एप्रिल २०२०ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवांच्या दिवसांत मारले गेले.

तुमच्या गावात खरंच मूल हरवलेलं असतं, म्हणजे काडी आधीच पेटलेली असते. अशा दिवशी फेरीवाला, भंगारवाला, बहुरूपी, वासुदेव, केस गोळा करणाऱ्या बायका, कुणीही गावात शिरला तर त्याच्या जिवाची जबाबदारी शोध चालवणाऱ्यांवर असते. मी दोन धिप्पाड आणि थंड डोक्याची माणसं यासाठीच वेगळी ठेवतो. संशय आला तर त्या माणसाला पोलीस पाटलाच्या घरी बसवायचं, चहा द्यायचा, ११२ला कळवायचं. हात लावायचा नाही, व्हिडिओ काढायचा नाही, आधार कार्ड मागत भोवती घोळका करायचा नाही.

आईजवळ

आईजवळ एक बाई, शक्यतो तिच्या ओळखीची, सतत. तिचं काम समजूत घालणं नव्हे. येणाऱ्याजाणाऱ्याला दूर ठेवणं, तासातासाला पाणी पाजणं आणि वहीवाल्याकडून आलेली खरी माहिती तेवढीच सांगणं. "विहिरीवर चप्पल सापडली" हे आईला सांगायच्या आधी ती चप्पल कुणाची ते बघा. मोबाइल समोर धरून "ताई, काय वाटतंय?" विचारणारा आला तर त्याला फाट्यावर ड्युटी द्या.

सापडल्यावर

धावत जाऊन उचलू नका. खाली बसा, नावानं बोला, "आई येतेय" सांगा. रक्त, सूज, हातपाय वाकडा दिसला तर आहे त्या जागी ठेवून १०८ची रुग्णवाहिका बोलवा. शुद्धीवर असेल तर पाणी घोट घोट. अंग गार पडलं असेल तर ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा. गोड खाऊचा मारा नको. दिसायला ठणठणीत असलं तरी दवाखान्यात दाखवायचं. काही वाईट झाल्याची शंका असेल तर अंग धुऊ नका, कपडे बदलावे लागले तर ते कागदी पिशवीत ठेवा, त्या जागेवर कुणाला जाऊ देऊ नका आणि पोराला "काय केलं त्यानं?" असं खोदून विचारू नका. ते काम पोलिसांचं आणि बाल कल्याण समितीचं.

कुणाचं ते माहीत नसलेलं मूल तुम्हाला सापडलं तर आपणच आईबाप शोधू म्हणून घरी ठेवून घेऊ नका. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे पोलीस, १०९८ किंवा बाल कल्याण समिती यांना चोवीस तासांत कळवावंच लागतं. न कळवणं गुन्हा आहे. "मी मामा आहे" म्हणत आलेल्याच्या हाती तर मुळीच देऊ नका.

त्याला कुणी रागावणार नाही हे बापाला आधी बजावून ठेवा. दाद्याच्या बापानं हात उगारला होता, मग तोच हात तोंडावर धरून खाली बसला.

मुलाबरोबर सेल्फी नाही. "सापडला" एवढा मजकूर, फोटोशिवाय, ज्या ज्या गटात पहिला फोटो टाकला होता तिथे टाकायचा आणि जुना पुसायला सांगायचं.

मूल रात्रीतून मिळालं नाही तर दुसऱ्या दिवशी माणसं निम्म्यावर येतात, तिसऱ्या दिवशी दहा. त्याची तजवीज पहिल्या रात्रीच करा: पाळ्या ठरवा, वहीची प्रत तपास अधिकाऱ्याला द्या, केंद्र सरकारच्या पोर्टलवर मुलाची नोंद झाली का ते ठाण्यात विचारा. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे जायला हवा. ती तारीख वहीत आजच लिहून ठेवा, कारण चार महिन्यांनी टोळी बीडला असेल आणि आठवण करून देणारं दुसरं कुणी नसेल.

शोध संपला की पहिल्या पानावरची नावं एकेक करून पुकारा आणि परत आलेल्यापुढे खूण करा. त्या रात्री आम्ही हे केलं नाही. पोरगं आईच्या मांडीवर झोपलं, आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली, घरी गेलो. तळ्याच्या पलीकडे पाठवलेली दोन पोरं, तिकडे रेंज नसल्यामुळे, पहाटे अडीचपर्यंत बॅटरी मारत "दाद्या, दाद्या" करत फिरत होती.